मोहदरीमार्गे टेंभुरदरा

धर्मपाल मनवर यांनी आयुष्यात रस्ता चुकलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण ते स्वतः कधी रस्ता चुकले नाहीत. याचं श्रेय त्यांच्या हुशारीला द्यायचं, की ते फारसे कुठे गेलेच नाहीत याला, हा प्रश्न त्यांच्या निवृत्तीपर्यंत कुणी काढला नव्हता.

महागावच्या एसटी स्टँडवर ते एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीमागे लाकडी खुर्ची, समोर माइक, आणि हाताशी लाल कापडी बांधणीची एक वही. ही वही त्यांच्या आधीच्या नियंत्रकांनी जाताना त्यांच्या हवाली केली होती. तालुक्यातल्या गावागावांमधलं अंतर तिच्यात शाईने लिहिलेलं. धर्मपालांनी ती पहिल्याच वर्षी पाठ करून टाकली. पुढे लोक सोयरीक जुळवतानासुद्धा आधी त्यांच्या खिडकीशी येऊन मुलाच्या गावाचं अंतर विचारून जात. आणि त्यांचा आवाज तर असा, की "उमरखेडकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे" असं त्यांनी म्हटलं की उमरखेडशी काही संबंध नसलेली माणसंही पिशव्या उचलत. स्टँडला फलाट दोनच होते, ही गोष्ट वेगळी.

अशा माणसाला निवृत्तीनंतर घरात बसवणं म्हणजे गाडी चालू ठेवून डेपोत उभी करण्यासारखं होतं. पत्नी नलूताई आरोग्य खात्यात सिस्टर होत्या, त्याही मागच्याच वर्षी निवृत्त झाल्या. त्या गप्प बसू शकत. धर्मपालांना ती सवय नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून मुलगी दीपा आणि जावई अश्वजित आले. अश्वजित कंपनीत कामाला, आणि रविवारी सायकल चालवणारा. सायकल चालवणारा म्हणजे कामाला जाण्यासाठी नव्हे, तर नुसतीच. त्यांचा अकरा जणांचा गट होता आणि तो वर्षातून दोनदा कुठेतरी लांब जाऊन शांत रस्त्यांवर सायकली चालवत असे.

"शांत रस्ते सापडत नाहीत हो मामाजी," जेवताना अश्वजित म्हणाला. "डोंगर असला तर ट्रक असतात, तलाव असला तर हॉटेलं असतात. दोन्ही असून शांत, असं काही उरलंच नाही."

धर्मपालांनी घास खाली ठेवला. आपल्या तालुक्याचा एवढा अपमान जावयाच्या तोंडून ऐकावा लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"अश्वजितराव, आमच्या इथं डोंगर हायेत, तलाव हायेत, आन शांतता तं इतकी हाय का पोरं कटाळून पुण्याले जातात," ते म्हणाले. "तुम्ही आना तुमची मंडळी. रस्ता मी देतो."

आणि तिथल्या तिथे, बोटाने ताटाभोवती वरणाची रेघ ओढत, त्यांनी रस्ता दिला. महागावहून मोहदरी अठरा किलोमीटर. मोहदरीहून टेंभुरदरा सात. तिथून घाट चढून परत. त्यांचा तर्क बिनतोड होता. मोहदरीला जाणारी गाडी मोहदरीहूनच परत फिरते. टेंभुरदऱ्याची गाडी दुसरीकडून, घाटातून जाते. मधल्या सात किलोमीटरवर एकतीस वर्षांत एकही एसटी गेलेली नाही. ज्या रस्त्यावर एसटीसुद्धा नाही, तो रस्ता किती शांत असेल, याचा विचार पुणेकरांनीच करावा.

अश्वजितने मोबाईल काढला. "मामाजी, नकाशावर मोहदरीच्या पुढे निळं दिसतंय."

"तलाव हाय तो. रस्ता काठाकाठानं हाय. पुण्यातून पाहाल तं काठ कसा दिसंल?"

"मोहदरीच्या पुढं," नलूताईंनी भाकरी वाढता वाढता तोंड उघडलं.

"नलू, रस्त्याचं माह्यावर सोड. तू जेवायचं पाय."

नलूताईंनी जेवायचं पाहिलं. जावयाच्या ताटात त्यांनी आणखी एक भाकरी टाकली आणि विषय त्यांच्यापुरता संपला.

दीपा आणि अश्वजित पुण्याला गेले, आणि आठ दिवसांत अश्वजितचा फोन आला, की जानेवारीचा पहिला रविवार ठरला, अकराही जण येणार. दीपाला रजा नव्हती. गटाची प्रमुख निकिता म्हणून एक मुलगी होती, तिने एक गोष्ट खास विचारली होती, की मार्गदर्शक स्वतः सायकलवर असतील ना. यावर धर्मपाल "हो तं" म्हणाले. सायकलवर शेवटचे ते दहावीत बसले होते, हे सांगायचं राहून गेलं.

गावातला सायकल दुकानदार बाबुलाल त्यांचा जुना मित्र. त्याने एका विद्यार्थ्याने विकायला ठेवलेली गिअरची सायकल काढून दिली. तिला एकवीस गिअर होते. त्यातले चालू किती, यावर बाबुलाल म्हणाला, "साहेब, मानसाले लागतात किती? दोन. एक चढाचा, एक उताराचा." हे दोन मात्र चांगले चालू होते, फक्त चढाचा उतारावर पडे आणि उताराचा चढावर.

सायकलची बैठक ही एक स्वतंत्र कथा आहे. एकतीस वर्षं रुंद लाकडी खुर्चीवर बसलेल्या माणसाला पेरूच्या फोडीएवढ्या बैठकीवर बसवणं हा शुद्ध अन्याय होता. पहिल्या दिवशी ते घरापासून स्टँडपर्यंत गेले आणि उतरल्यावर काही वेळ उभेच राहिले. डोक्यावर हेल्मेट. स्टँडवरच्या चहावाल्याने त्यांना ओळखलं नाही. मग धर्मपालांनी "चहा" म्हटलं, आणि आवाज ऐकून बाकावरचे दोघं उठून उभे राहिले.

शेजारी सल्ला द्यायला कधीच उशीर करत नाहीत. उजवीकडच्या घरातले रामराव नरवाडे यांची शेती गावाकडे, घर इथे, आणि मत सगळीकडे. ते रोज सकाळी कुंपणावर कोपर टेकून उभे राहत.

"मनवर साहेब, गुडघे पाह्यले काय तुम्ही तुमचे? साठीत गुडघ्याचं वंगन सरते. तिळाचं तेल चोळा."

दुसऱ्या दिवशी तीळ जाऊन जवस आलं. तिसऱ्या दिवशी रामरावांच्या कुणा साडूचा किस्सा आला, जो सायकलवरून पडला आणि तेव्हापासून त्याला गोड लागत नाही. दोन आठवडे तेल चोळून धर्मपालांच्या पायाला फोडणीचा वास येऊ लागला. शेवटी रामरावांनी स्वतःच तोडगा काढला. "एवढे मोठे लोक पुन्याहून येऊन राह्यले. वाटंत एखादी सायकल मोडली तं? मी ट्रॅक्टर घेऊन मांगं मांगं येतो. ट्रॉलीत टाकू."

धर्मपालांनी शांतता हा मुख्य मुद्दा असल्याचं समजावून सांगितलं. रामरावांनी ते समजून घेतलं आणि ट्रॅक्टर हळू चालवायचं कबूल केलं.

आता परवानगी. खरं म्हणजे सायकल चालवायला परवानगी लागत नाही. पण धर्मपाल सरकारी पद्धतीचे माणूस. त्यांच्या मते ज्या गोष्टीवर शिक्का नाही ती झालीच नाही. म्हणून ते एका कार्यालयात अर्ज घेऊन गेले. कार्यालयाचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांना तिथं अजून कामं पडतात.

अर्जाचा विषय होता, 'शांत रस्त्यांवरून सायकल प्रवास करणेबाबत'. टेबलावरच्या बाबूंनी तो दोनदा वाचला.

"शांतता मोर्चा हाय काय?"

"मोर्चा नाही. अकरा जण सायकलनं जानार."

"मागनी काय हाय?"

"मागनी काही नाही."

"मागनी नसल्यावर अर्ज कायचा? हे पाहा." बाबूंनी छापील नमुना पुढे सरकवला. आयोजकाचे नाव, मागणी, घोषणा, ध्वनिक्षेपक. मागणीचा रकाना कोरा ठेवला तर अर्ज परत येतो, असं बाबूंनी सांगितलं, आणि स्वतः उपायही सुचवण्याइतके ते भले होते. "लिवा, रस्त्याची पाहनी. पाहनारच हाय ना तुम्ही रस्ता?"

रस्ता पाहणार हे खरंच होतं. धर्मपालांनी 'रस्त्याची पाहणी' लिहिलं. ध्वनिक्षेपकाच्या रकान्यात त्यांनी स्वाभिमानाने लिहिलं, 'गरज नाही, मी स्वतः आहे.' शिक्का बसला.

त्या शिक्क्याचं पुढे काय झालं हे त्यांना कळलं नाही. अर्जाची एक प्रत वर गेली, एक खाली गेली. खाली गेलेली मोहदरीच्या ग्रामपंचायतीत पोचली, आणि तिच्यात लिहिलं होतं, की पुण्याहून अकरा जणांचं पथक श्री. मनवर साहेबांसोबत रस्त्याची पाहणी करण्यासाठी येत आहे, तरी सहकार्य करावे.

शनिवारी रात्रीच्या गाडीने मंडळी आली आणि रविवारी सकाळी धर्मपालांच्या दारात अकरा सायकली उभ्या राहिल्या. पुण्याच्या लोकांनी अंगाला घट्ट बसणाऱ्या काळ्या चड्ड्या घातल्या होत्या. रामरावांनी ट्रॅक्टरवरून बराच वेळ पाहिलं आणि धर्मपालांना बाजूला घेऊन विचारलं, "पँटी मांगून येनार हायेत काय?"

नलूताई मात्र निघायच्या तयारीत होत्या. त्यांनी पहाटेच आवरून पिशवी भरली होती. "मी सहाच्या गाडीनं घाटातून टेंभुरदऱ्याले जातो," त्या म्हणाल्या. "तिथं जेवनाचं पाहतो. तुम्ही मोहदरीवरूनच येता ना? पक्कं?"

"नलू, सात किलोमीटर हाय. साडेनऊले टेंभुरदऱ्यात नसलो तं सांग."

नलूताई काही बोलायला थांबल्या, पण धर्मपालांनी घड्याळ दाखवलं. त्यांनी पिशवी उचलली आणि स्टँडकडे निघाल्या. वळणावर त्या कुणाला तरी फोन लावताना दिसल्या.

मग अकरा सायकली आणि एक बारावी, असा ताफा निघाला. पहिली दोन किलोमीटर काय वर्णावी. दोन्ही बाजूंना वेचणी झालेला कापूस, पुढे पिवळ्या पडलेल्या तुरी, थंडी, आणि टायरांचा नुसता सरसर आवाज. निकिता मागे वळून म्हणाली, "काका, खरंच शांत आहे." धर्मपालांची छाती फुगली. तेवढ्यात फाट्यावर एक जीप उभी दिसली. जीपमधल्या शिपायाने खाली उतरून सलाम केला. "पथकाची जीप. बाहेरगावचे लोक हायेत म्हनून वरून आदेश हाय." आणि दिवा लावून जीप पुढे लागली. तिचा भोंगा नादुरुस्त होता, म्हणजे बंद होत नव्हता.

मागून रामराव. ट्रॅक्टर हळू चालवायचा शब्द त्यांनी पाळला होता, पण हळू चालवताना कंटाळा येतो म्हणून गाणी लावली होती. पुढे भोंगा, मागे गाणी, आणि मधे बारा जण शांततेचा अनुभव घेत होते. गावोगावची कुत्री यात सामील होत होती ती वेगळीच.

चढावर धर्मपालांचा चढाचा गिअर सुटला आणि उताराचा बसला. पाय लाकडाचे झाले. अश्वजित शेजारी येऊन हळूच म्हणाला, "मामाजी, ट्रॉलीत बसता का थोडं?" धर्मपालांनी उत्तर दिलं नाही, कारण उत्तराला श्वास लागतो. ते उतरून सायकल ढकलू लागले, आणि आपण मुद्दाम सगळ्यांच्या मागे राहून कोणी सुटत नाही ना यावर लक्ष ठेवतो आहोत, असा चेहरा केला. नियंत्रकाचं कामच ते.

मोहदरीत पोचले तर वेशीवर रांगोळी. शाळेचं लेझीम पथक, फेटे, नारळ. सरपंच बेबीताई राठोड पुढे आल्या आणि त्यांनी निकिताच्या कपाळाला कुंकू लावून तिच्या हातात त्रेचाळीस अर्जांचा गठ्ठा दिला.

"आमी सात वर्षं झाले मागून राह्यलो ताई," बेबीताई म्हणाल्या. "आज कोनी तरी आलं."

निकिताने गठ्ठ्याकडे पाहिलं, मग धर्मपालांकडे. "काका, हे काय आहे?"

धर्मपालांनी घसा साफ केला. खरं तर त्यांनी तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. पण समोर दोनशे माणसं, आणि ती सगळी त्यांचा आवाज ओळखणारी. त्यांनी म्हटलं, "आपल्या अर्जांची योग्य ती दखल घेतली जाईल." हे वाक्य त्यांच्या तोंडून एकतीस वर्षं आपोआप येत होतं. टाळ्या झाल्या. लोक इतके खूष झाले की सगळं गावच पाहणीला सोबत निघालं.

इथे वाचकाने एक लक्षात घ्यावं. पुढे रस्ता कसा आहे हे मोहदरीतल्या लहान पोरालाही माहीत होतं. पण ते कुणी बोललं नाही. पथक रस्ता पाहायलाच आलं आहे, तर त्याला रस्ता कसा आहे हे आधी कोण सांगेल?

मोहदरीच्या पुढे सागाचं विरळ रान लागलं. डांबर संपून खडी आली, खडी संपून गवत. धर्मपाल आता आघाडीवर होते. उतार होता आणि ते खूष होते. झाडं बाजूला झाली, समोर डोंगरांच्या कुशीत पसरलेला तलाव दिसला, आणि पुणेकरांनी ब्रेक दाबले. पाणी काठोकाठ, पलीकडे निळसर टेकड्या, पाण्यावर पाणकावळ्यांची रांग.

रस्ता सरळ खाली उतरत होता आणि सरळ पाण्यात जात होता.

काठाकाठाने नव्हे. पाण्यात. दोन्ही बाजूंच्या जुन्या दगडी कठड्यांसकट तो तलावात शिरला होता, एखादा म्हातारा घाटाच्या पायऱ्या उतरून आंघोळीला जावा तसा. सहा हातांवर गुडघाभर पाण्यात एक पांढरा मैलाचा दगड उभा होता. त्यावर अजून वाचता येत होतं, 'टेंभुरदरा ७'.

"हे पाहा," धर्मपाल म्हणाले. "सातच आहे."

 जीपचा भोंगा तेवढ्यात थकून बंद पडला.

"हेच दाखवायचं व्हतं साहेब," बेबीताई पुढे येऊन म्हणाल्या. "धरन झालं तवाचा हा रस्ता असाच हाय. माही सासू सांगे, तिच्या लग्नाची वरात ह्या रस्त्यानं आलती. आता टेंभुरदऱ्याले जायचं तं घाटातून एकोनीस किलोमीटर. आमाले पूल पायजे."

धर्मपालांच्या डोक्यात ती लाल वही उघडली. कोण्या साली, कोणत्या शाईने हे सात लिहिलं गेलं, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. धरण नंतर झालं. वहीला कुणी सांगितलं नाही. आणि वहीने त्यांना सांगितलं नाही.

सगळे त्यांच्याकडे पाहत होते. एका बाजूला गाव, एका बाजूला पुणे. अश्वजित सायकल धरून जवळ आला, आणि त्याने विचारलं ते अगदी हळू विचारलं, इतरांना ऐकू जाऊ नये इतकं.

"मामाजी, तुम्ही या रस्त्यानं कधी आला होता?"

जावयाने ओरडून विचारलं असतं तर धर्मपालांनी काहीतरी घोषणा केली असती. रस्ता तांत्रिक कारणास्तव बंद आहे, वगैरे. पण तो इतका सांभाळून विचारत होता, की खोटं बोलायला जागाच राहिली नाही.

"नाही आलो," ते म्हणाले. "गाड्या पाठवल्या. मी नाही आलो." मग म्हणाले, "मी तालुक्यातल्या एकाही रस्त्यानं शेवटपर्यंत गेलो नाही अश्वजितराव. मले वाटे, मले माहीत हाय."

अश्वजितने मान हलवली. तो तिथून हलला नाही. निकिताने हातातले त्रेचाळीस अर्ज सायकलच्या पिशवीत नीट घातले. ती म्हणाली, "आता परत?" परत म्हणजे अठरा किलोमीटर मागे, भोंगा, गाणी आणि चढ. पुणेकरांनी एकमेकांकडे पाहिलं. उरलेला सगळा दिवस तिथेच त्या काठावर बुडायला आला होता.

तेवढ्यात बेबीताईंनी डोळ्यांवर हात धरला. "डोंगे येऊन राह्यले."

तलावाच्या मध्यावर तीन डोंगे दिसत होते, मासेमारीचे, रुंद तळाचे. पहिल्या डोंग्यात वल्हं मारणारा एक पन्नाशीचा माणूस, आणि त्याच्यासमोर छत्री उघडून बसलेली एक बाई. डोंगा जवळ आला तशी छत्री मिटली. नलूताई होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "सायकली आडव्या ठेवा. एका डोंग्यात चार. श्रावण, तू मधी बस बाप्पा, तोल जाईन."

श्रावण हा पलीकडचा कोळी. त्याने धर्मपालांना रामराम केला. "सिस्टरचा सकाळी फोन आलता. मनल्या, आमचे साहेब पान्यात उतरायच्या आत ये."

रामरावांनी ट्रॅक्टरवरून पाण्याकडे पाहिलं. जीपच्या शिपायाने आदेशात तलावाचा उल्लेख नसल्याचं सांगितलं. दोघंही अलीकडेच राहिले. पुढे असं कळलं, की पथक निघून गेल्यावर गावकऱ्यांचे आणखी निघालेले अर्ज रामरावांनी स्वीकारले आणि त्यावर वीस मिनिटं भाषण केलं, ज्यात गुडघ्यांचाही उल्लेख होता.

डोंगे निघाले. काठ मागे गेला, लेझीम मागे गेलं, गाणी मागे गेली. आणि मग काहीच उरलं नाही. वल्ह्याचा बुडुक आवाज, थेंब, मधूनच पक्ष्याचं पंख झाडणं. निकिता पाण्यात बोटं बुडवून बसली होती. कुणी फोन काढला नाही. धर्मपालांनी दोन महिन्यांपूर्वी ताटावर ज्या शांततेचं वचन दिलं होतं, ती इथे रस्त्यावरून पंधरा हात वर पाण्यावर पसरली होती. पण त्यांना ते मिरवावंसं वाटेना.

ते नलूताईंकडे वळून म्हणाले, "तुले माहीत होतं."

"होतं."

"सांगतलं नाही."

"दोनदा तोंड उघडलं," नलूताई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, नुसतं मोजून सांगत होत्या. "एकदा तुम्ही मनले जेवायचं पाय. आज घड्याळ दाखवलं. मंग मी श्रावणले सांगतलं. ते सोपं पडलं."

"तू ह्या पान्यावरून आलती कधी?"

"चवदा वर्षं. टेंभुरदऱ्याचं उपकेंद्र होतं ना माह्याकडं. मोहदरीपर्यंत सायकल, मंग श्रावणचा बाप डोंग्यात घे, पलीकडं पुन्हा सायकल."

"मी समजत होतो, तू घाटातून एसटीनं जातं."

नलूताई हसल्या. "तुमची एसटी दिवसातून एकदा. लेकरं काय तुमच्या टाइमटेबलनं होतात?"

श्रावणने वल्हं थांबवलं आणि मान खाली घालून हसला. त्याच्या दोन्ही पोरी नलूताईंच्या हातच्या, एक तर याच डोंग्यात, पावसाळ्यात, अर्ध्या तलावात. हे त्याने पुढे सांगितलं तेव्हा धर्मपालांना आठवलं, की त्या वर्षी एकदा नलू सकाळी ओली होऊन घरी आली होती आणि त्यांनी तिला टेंभुरदऱ्याची गाडी किती उशिरा आली ते विचारलं होतं.

टेंभुरदऱ्याच्या काठावर उतरले तेव्हा साडेनऊच वाजले होते. धर्मपालांनी घड्याळ पाहिलं आणि त्यावर बाही ओढून घेतली. तिथल्या बंजारा तांड्यात ज्वारीच्या भाकरी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि ठेचा तयार होता. पुण्याच्या मंडळींनी ठेचा पहिल्यांदा आदराने खाल्ला आणि नंतर पाण्याने. निकिता बोटं चाटत म्हणाली, "काका, गेल्या चार वर्षांतला हा सगळ्यात चांगला रस्ता." धर्मपाल म्हणाले, "रस्ता माहा नाही. यांचा हाय," आणि नलूताईंकडे बोट दाखवलं. असं बोलताना त्यांचा आवाज थोडा लहान झाला होता, पण फाटला नव्हता.

निघायच्या वेळी अश्वजितच्या पोटरीत गोळा आला. नलूताईंनी पाय चोळून दिला आणि त्याला घाटातून जाणाऱ्या पिकअपमध्ये बसवलं. त्याची सायकल तशीच झाडाला टेकलेली. नलूताईंनी ती एकदा फिरवून पाहिली, बैठक खाली केली, पदर कमरेला खोचला.

"नलू," धर्मपाल म्हणाले.

"लई दिवस झाले," त्या म्हणाल्या, आणि बसल्या.

घाट चढताना पुणेकर पुढे निघून गेले. मागे हे दोघं. म्हणजे नलूताई पुढे, सावकाश, एका लयीत, आणि धर्मपाल मागे, कधी सायकलवर तर कधी सायकलच्या बाजूने. प्रत्येक वळणावर कुणी ना कुणी थांबवत होतं. गुरं वळणारा एक म्हातारा, तुरी कापणाऱ्या बाया. सिस्टर आल्या, सिस्टर आल्या. कुणी शेंगा देत होतं, कुणी नातवंडाला पुढे करून हे तुमच्या हातचं आहे म्हणून सांगत होतं. पंधरा मिनिटांत त्यांच्या हँडलला चार पिशव्या लटकल्या. धर्मपालांकडे कुणी पाहिलं नाही. त्यांनी एका ठिकाणी खाकरून "नमस्कार" म्हटलं, नेहमीच्या आवाजात. बायांनी मान डोलावली आणि पुन्हा नलूताईंकडे वळल्या. इथे तो आवाज कधी पोचलाच नव्हता.

घाटाच्या माथ्यावर, वडाखाली, सुखीबाई बसली होती. ऐंशीच्या पुढची, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, माथ्यावरच्या तांड्यातली सगळ्यात जुनी बाई. तिने नलूताईंचे दोन्ही गाल धरले, बोटं मोडली, आणि मग तिची नजर मागून सायकल ढकलत येणाऱ्या, हेल्मेट घातलेल्या, घामाने निथळणाऱ्या माणसावर पडली.

"ई कुण छ, बाई?" तिने विचारलं.

"माहे मालक हायेत," नलूताई म्हणाल्या.

सुखीबाईने धर्मपालांना खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं. तिला ते वाईट वाटले नाहीत. फक्त एक गोष्ट तिच्या ध्यानात येत नव्हती.

"इतके वर्षं कुठं होते हे?"

नलूताईंनी हँडलवरची एक पिशवी काढून नवऱ्याच्या हँडलला लावली, आणि पायडलवर पाय ठेवला.

"स्टँडवर," त्या म्हणाल्या.